रोज पळते, तरी वेळ का कमी होत नाही?

प्रिय ताईंनो,

पोलीस भरतीची तयारी करणारी एक तरी मुलगी तुमच्या गावात असेलच, कदाचित तुमच्याच घरात असेल. गटांच्या बैठकांना फिरताना एक प्रश्न मला सारखा ऐकू येतो, "मॅडम, पोरगी रोज पहाटे उठून पळते, पण वेळ काही कमी होत नाही. नशीबच नाही का तिचं?"

ताई, हा नशिबाचा प्रश्न नाही, सरावाच्या पद्धतीचा आहे.

शिपाई भरतीत मुलींची मैदानी चाचणी 50 गुणांची असते. 800 मीटर धावण्याला 20, 100 मीटरला 15 आणि गोळाफेकीला 15 गुण. मैदानात निम्मे गुण पडले नाहीत तर लेखी परीक्षेपर्यंत पोचताच येत नाही. धावण्याचे गुण वेळेवर असतात, म्हणून थोड्या सेकंदांनी गुण खाली येतात.

आपल्या एका गटाचं दप्तर लिहिणाऱ्या ताईंची मुलगी मागच्या वेळी अशीच मैदानात मागे पडली. घरात बोलणं झालं, "आता एकदाच, नाही तर लग्नाचं बघू." ती वर्षभर रोज डांबरी रस्त्यावर 5 किलोमीटर पळत होती, एकाच चालीनं. मला स्वतःला हौसेनं पळायची सवय आहे, म्हणून एका रविवारी आम्ही तिघी तालुक्याच्या क्रीडा संकुलात गेलो. ताईंच्या हातात मोबाईलचं घड्याळ दिलं आणि आम्ही दोघी 800 मीटर, म्हणजे ट्रॅकच्या दोन फेऱ्या पळालो.

मुलीची पहिली फेरी 1 मिनिट 20 सेकंदांत झाली. दुसरीला लागले 2 मिनिटं 10 सेकंद. एकूण साडेतीन मिनिटं. माझं तर विचारूच नका, मी दुसऱ्या फेरीत अर्ध्यावरच चालायला लागले!

असं का होतं?

सुरुवातीलाच जीव खाऊन पळालं की श्वासातून मिळणारा प्राणवायू पायांना कमी पडतो. पाय दगडासारखे जड होतात आणि मग इच्छा असूनही उचलत नाहीत. दुसरं म्हणजे, रोज हळू पळून दम वाढतो, पण पायांना वेगाची सवय होत नाही.

यावर उपाय आपल्या ओळखीचाच आहे: हप्ते. मोठं कर्ज एकदम फिटत नाही, हप्ते पाडले की फिटतं. तसंच 800 मीटरचे 200-200 मीटरचे चार हप्ते पाडायचे. 3 मिनिटांत पळायचं असेल तर प्रत्येक 200 मीटर 45 सेकंदांत व्हायला हवं. पहिला हप्ता 38 सेकंदांत भरला, तर शेवटचा थकणारच.

आठवड्याचा सराव

मुलगी नवीन असेल तर आधी महिनाभर नुसतं हळू पळू द्या. नंतर वेगाचा सराव आठवड्यातून दोनच दिवस.

पहिला दिवस: 200 मीटर सहा वेळा, प्रत्येक वेळी 45 सेकंदांत. मध्ये 2-3 मिनिटं चालायचं, बसायचं नाही.

दुसरा दिवस: 400 मीटर तीन वेळा, प्रत्येक वेळी 90 सेकंदांत. मध्ये 4-5 मिनिटं विश्रांती.

या दोन दिवसांत किमान दोन दिवसांचं अंतर हवं. बाकी दिवशी हळू पळणं, गोळाफेक, 100 मीटरसाठी छोट्या धावा. एक दिवस पूर्ण सुट्टी. वेगाच्या आधी 10-15 मिनिटं हळू पळून अंग गरम करायचंच. पूर्ण 800 मीटर घड्याळ लावून पंधरा दिवसांतून एकदाच पळा.

ट्रॅक जवळ नसेल तर शाळेच्या मैदानात टेपनं 60 मीटर लांब आणि 40 मीटर रुंद चौकोन आखा. एक फेरी 200 मीटरची होते. ट्रॅकवर पळताना मात्र आतल्या पहिल्या लेनमधूनच मोजा, बाहेरच्या लेनची फेरी जास्त लांब असते. अंधारात रस्त्यावर एकटीला पाठवू नका.

आता आईचं काम

वेग पळताना नाही, विश्रांतीत वाढतो. थकलेलं शरीर झोपेत भरून निघतं. पहाटे वेगाचा सराव, मग पाणी भरणं, मग दिवसभर खुरपणी, असं असेल तर सेकंद कमी होणार नाहीत, नडग्या मात्र दुखतील. त्या दोन दिवशी तरी तिची कामं घरात वाटून घ्या. भावालाही हंडा उचलता येतो!

आपल्याकडे निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. रक्त कमी असेल तर कितीही पळा, दम लागणारच. म्हणून आधी आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. गोळ्या दिल्या तर चहाबरोबर घेऊ नका. भाकरी, पालेभाजी, मोड आलेली मटकी, शेंगदाणे-गूळ, जमलं तर अंडं, आणि वर लिंबू. तिला पोटभर वाढा, सगळ्यांत शेवटी नको.

पाळीत त्रास नसेल तर पळायला हरकत नाही. पण पाळी काही महिने आलीच नाही, पळताना छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा.

त्या ताईंनी बुटांसाठी गटातून अंतर्गत कर्ज घेतलं. गटाच्या हिशोबासारखीच एक वही घातली आणि प्रत्येक धावेचे सेकंद त्यात लिहू लागल्या. दहा आठवड्यांनी मुलीची वेळ 3 मिनिटं 8 सेकंदांवर आली. अजून 8 सेकंद बाकी आहेत आणि भरती कधी निघेल ते आपल्या हातात नाही. पण परवा वही उघडून ताई म्हणाल्या, "मॅडम, तिच्या बापालाही दाखवली ही. लग्नाचं बोलणं थांबलंय सध्या."

तुमच्या गावात अशी मुलगी असेल तर पुढच्या बैठकीत तिलाही बोलवा. एक वही आणि मोबाईलचं घड्याळ, सुरुवातीला एवढं पुरतं.

तुमची,
क्षेत्र समन्वयक