ठरल्या दिवसाआधी कुरणात पाऊल नाही

घरातले गवत संपले आहे, याक भुकेले आहेत आणि वरच्या कुरणात कोवळी हिरवळ फुटली आहे. तरीही उत्तर सिक्कीममधील लाचेन गावचा भुतिया पशुपालक मनाला येईल तेव्हा तिकडे निघू शकत नाही. सुमारे ९,००० फुटांवरच्या या गावातून १३,००० फुटांवरील थांगूकडे जनावरे केव्हा न्यायची आणि खाली केव्हा आणायची, याचे दिवस ठरवते ती ‘जुम्सा’, म्हणजे गावाची सभा.

सभेला प्रत्येक घरातून एकाने हजर राहायचे, गैरहजेरीला दंड. गावकरीच निवडतात ते प्रमुख म्हणजे ‘पिपोन’. ठरल्या दिवसाआधी कुरणात शिरणाऱ्यालाही दंड होतो, मग तो कितीही मातब्बर असो. कारण साधे आहे. एकाने आठवडाभर आधी जनावरे घातली, तर कोवळे कोंब खुडले जातील, गवत वाढणार नाही आणि मागून येणाऱ्यांच्या वाट्याला नुसती माती उरेल. सामाईक नळावर पहाटे बादली लावण्यावरून होणारी भांडणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको!

भारतात विलीन झाल्यावरही सिक्कीमने ही रीत मोडली नाही. १९९३ च्या पंचायत कायद्यात लाचेन आणि शेजारच्या लाचुंगची जुम्सा कायम ठेवली गेली. पर्यटकांनी टाकलेल्या बाटल्यांचे ढीग साचू लागले, तेव्हा २०१२ मध्ये लाचेनच्या जुम्साने बाटलीबंद पाण्यावरच बंदी घातली. वरिष्ठांच्या आदेशाची वाट पाहिली नाही. अर्थात सगळेच काही आदर्श नाही. या सभेत परंपरेने बसतो तो घरचा कर्ता पुरुष. घर आणि गोठा सांभाळणाऱ्या बायकांचा आवाज तिथे क्षीणच.

आता मात्र सभेच्या हाताबाहेरची संकटे वाढली आहेत. १९६२ नंतर सीमा बंद झाली आणि तिबेटातील कुरणे तुटली. तेव्हापासून भिस्त अलीकडच्या कुरणांवरच. २०१८-१९ च्या हिवाळ्यात महिनोन्‌महिने बर्फ साचून राहिले. गवत त्याखाली गाडले गेले आणि उत्तर सिक्कीममध्ये सुमारे ३०० याक उपाशी मेले. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये ल्होनाक सरोवर फुटले आणि महापुराने या खोऱ्यातले रस्ते, पूल वाहून नेले. लाचेन कित्येक दिवस बाहेरच्या जगापासून तुटले होते.