पाण्यातला मासा नव्हे, मेहनत विकणारा धंदा

कापड असो, किराणा असो की लोखंड, गिऱ्हाईक माल डोळ्यांनी पाहतो, हाताने चाचपतो, भाव करतो आणि मगच पैसे मोजतो. पण असेही काही धंदे आहेत की ज्यांत भाव आधी ठरतो आणि हाती काय येईल हे फक्त अल्लाहलाच ठाऊक असते. अमेरिकेतील मोठ्या जलाशयांवर चालणारा मासेमारीच्या गाईडचा धंदा हा त्यांपैकीच एक. आपल्या तरुणांनी तो जरूर समजून घ्यावा. करार स्वच्छ कसा ठेवावा आणि मुद्दल कसे जपावे, हे दोन्ही धडे त्यात आहेत.

तलाव आणि मासा

टेक्सास व ओक्लाहोमा या दोन राज्यांच्या हद्दीवर टेक्सोमा नावाचा विशाल जलाशय आहे. रेड नदीवर डेनिसन येथे धरण बांधल्यामुळे १९४० च्या दशकात तो तयार झाला. त्याचा विस्तार सुमारे ८९ हजार एकर आहे. येथे स्ट्राइप्ड बास या माशासाठी गिऱ्हाईक नेणारे गाईड पुष्कळ आहेत. परंतु थंडीच्या दिवसांत खास ब्लू कॅटफिशसाठी येणारे शौकीनही कमी नाहीत. कॅटफिश म्हणजे तोंडाशी लांब मिशा असलेला, अंगावर खवले नसलेला मासा. आपल्याकडचे शिंगाडा आणि मागूर हे त्याचेच भाऊबंद होत.

जानेवारी २००४ मध्ये या तलावात १२१.५ पौंडांचा, म्हणजे सुमारे ५५ किलोचा ब्लू कॅटफिश गळाला लागला. त्या वेळी तो जागतिक विक्रम ठरला. पुढे तो मोडला गेला आणि २०११ मध्ये व्हर्जिनिया राज्याच्या केर जलाशयात तर १४३ पौंडांचा मासा निघाला. अशा बातम्यांमुळे लोक दुरून येतात. नवख्या माणसाला एवढ्या मोठ्या पाण्यात मासा कुठे आहे हे कळणे कठीण. तेथेच गाईडची गरज निर्माण होते.

गाईड नेमके काय करतो?

त्याचा दिवस फजरच्या वेळेपासूनच सुरू होतो. प्रथम तो जाळे फेकून शॅड नावाचे लहान मासे धरतो आणि त्यांचे तुकडे करून गळाला आमिष म्हणून लावतो. बोट, इंधन, गळ, काठ्या, जीवरक्षक जाकिटे, पाण्याखालचे दाखवणारे यंत्र हे सर्व त्याचेच असते. थंडीत शॅडचे थवे कोठे गेले, त्यांच्यामागे कॅटफिश किती खोल पाण्यात उतरला, वारा कोणत्या दिशेचा आहे, हे पाहून तो जागा ठरवतो. कधी नांगर टाकून थांबतो, कधी वाऱ्याबरोबर बोट संथ वाहू देतो. परत आल्यावर गिऱ्हाइकाने ठेवलेले मासे साफ करून देण्याचे कामही बहुतेक गाईड करतात.

दर साधारणपणे अर्ध्या किंवा पूर्ण दिवसाचा, ठरावीक माणसांसाठी ठोक असतो. माणूस वाढला तर रक्कम वाढते. परवान्यांचा काच मात्र मोठा आहे. गिऱ्हाइकाला मासेमारीचा परवाना लागतो. गाईडला धंद्याचा परवाना वेगळा, आणि पैसे घेऊन माणसे बोटीत बसवण्यासाठी अमेरिकन तटरक्षक दलाचा परवाना आणखी वेगळा. त्यातील लहान परवान्यावर सहापेक्षा जास्त प्रवासी नेता येत नाहीत. शिवाय बोटीचे हप्ते, विमा, इंजिनाची दुरुस्ती आणि वादळी वाऱ्याने बुडालेले दिवस. बाहेरून दिसणारा दर मोठा वाटतो, पण तो सगळा नफा नव्हे.

शरीअतच्या नजरेतून

पाण्यातला, अजून न धरलेला मासा विकणे फिकहच्या ग्रंथांत नाजायज ठरवले आहे. जो माल ताब्यात नाही आणि मिळेल की नाही याची खात्री नाही, त्याच्या विक्रीत गरर, म्हणजे धोका आणि अनिश्चितता असते. गररचे उदाहरण म्हणून फुकहा नेहमी पाण्यातला मासा आणि हवेतला पक्षीच देतात. मग गाईड काय विकतो?

उत्तर सोपे आहे. तो मासा विकत नाही. तो आपला वेळ, आपली बोट आणि आपले ज्ञान भाड्याने देतो. याला इजारा म्हणतात. तास किती, माणसे किती, साहित्य कोणाचे, मोबदला किती, हे सर्व आधीच ठरलेले असते. मासा लागला तर ती अल्लाहने दिलेली रोजी, न लागला तरी गाईडच्या मेहनतीचे पैसे हलाल.

काही गाईड "मासा नाही तर पैसे नाहीत" अशी जाहिरात करतात. तेथे करार बदलतो. काम पार पडले तरच मोबदला, या प्रकाराला जुआला म्हणतात. इतर तीन मजहबांत त्याला वाव आहे, हनफी फुकहा सहसा तो मान्य करीत नाहीत. बुकिंगच्या वेळी घेतलेल्या इसाराचा प्रश्नही असाच आहे. गिऱ्हाईक आलाच नाही तर इसार जप्त करण्याचा रिवाज तिकडे आहे. हंबली मजहबात त्याला परवानगी आहे, बाकी तिन्ही मजहबांत नाही. ज्याला असा धंदा करायचा आहे त्याने अटी छापण्यापूर्वीच आलिमांना विचारून घ्यावे.

मुद्दल कोणते?

गाईडचे खरे मुद्दल बोट नव्हे, तलावातले मोठे मासे होत. ब्लू कॅटफिश फार सावकाश वाढतो. तीस इंचांचा होण्यास त्याला दहा वर्षांहून अधिक काळ लागू शकतो. म्हणून टेक्सोमावर नियम आहे की दिवसाला माणशी पंधरा कॅटफिश नेता येतील, पण तीस इंच वा त्याहून मोठा ब्लू कॅटफिश एकच. समजूतदार गाईड याहीपुढे जातात. मोठा मासा फोटो काढून लगेच पाण्यात सोडतात आणि खाण्यासाठी लहान ठेवतात.

२००४ चा तो विक्रमी मासाही कापला गेला नाही. त्याचे नाव 'स्प्लॅश' ठेवले गेले आणि टेक्सासमधील अथेन्स गावच्या सरकारी मत्स्यकेंद्रात तो डिसेंबर २००५ पर्यंत लोकांना पाहायला मिळाला. कापला असता तर दोन-चार घरांची एक मेजवानी झाली असती.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. केवळ गंमत म्हणून जिवाला इजा करणे इस्लामला मान्य नाही. म्हणून आपल्यापैकी कोणी या धंद्यात उतरलाच तर खाण्यापुरते मासे धरणे हाच हेतू ठेवावा आणि सोडायचा मासा ताटकळत ठेवू नये.

२००९ मध्ये टेक्सोमात झेब्रा शिंपला ही परकी जात सापडली. ती पाण्याचे नळ तुंबवते आणि एका तलावातून दुसऱ्यात बोटीबरोबर जाते. म्हणून बोट बाहेर काढताना तिच्यातले सर्व पाणी काढून टाकणे टेक्सासमध्ये कायद्याने बंधनकारक आहे. एकाच्या निष्काळजीपणाने सर्वांची रोजी बुडते.

आपल्याकडे काय करता येईल?

उजनी जलाशयावर भिगवणच्या परिसरात मच्छीमार बांधव पर्यटकांना बोटीतून रोहित पक्षी दाखवायला नेतात. तत्त्व तेच आहे. पक्षी कोणाच्या मालकीचे नाहीत, विकली जाते ती बोट आणि माहिती. मासेमारीच्या सहलींना मात्र आपल्याकडे एक अडचण आहे. जलाशयांतील मासेमारीचा ठेका शासन देते आणि तो बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. संस्थेला व मत्स्यव्यवसाय खात्याला विचारल्याशिवाय एक गळही टाकू नये.

आणि धंदा कोणताही असो, चार गोष्टी कागदावर आणाव्यात. वेळ किती, माणसे किती, दरात काय काय धरले आहे आणि हवामान बिघडले तर पैशांचे काय होणार. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकरामध्ये आहेच. ती सवय रोखीच्या धंद्यातही लावून घेतली तर गिऱ्हाईक आणि आपण, दोघेही भांडणातून वाचतो.