टकटक ऐकू आली, की आधी वीज बंद

येवल्यात पैठणीची नक्षी आता ग्राफच्या कागदाबरोबर संगणकावरही काढली जाते आणि त्यावरून मागावरच्या जॅकार्डची कार्डे पाडतात. पदरावरच्या मोराची ती फाइल ज्या हार्ड डिस्कवर आहे, तीच टकटक करू लागली तर?

पहिले काम वीज बंद करण्याचे. डिस्कची तबकडी मिनिटाला बहुधा ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि वाचणारे हेड तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगते. ते घासू लागले, की चुंबकीय थर खरवडला जातो. तेवढी माहिती कायमची गेली. अशी डिस्क धूळविरहित ‘क्लीन रूम’मध्येच उघडावी. फ्रीजमध्ये ठेवण्याचा जुना उपाय तर मुळीच करू नये, आत दव धरते.

आवाज नाही, पण फाइल उघडताना संगणक अडकतो? मग विंडोजच्या ‘चेकडिस्क’ची दुरुस्ती चालवू नये, ती आजारी डिस्कवरच लिहीत सुटते. ‘डीडीरेस्क्यू’ हा मोफत प्रोग्रॅम आधी धडधाकट भाग दुसऱ्या डिस्कवर उतरवतो, खराब जागा टिपून ठेवतो आणि त्यांच्याकडे शेवटी वळतो. फाइली शोधायच्या त्या नकलेवर.

पार बिघडलेल्या डिस्कमधूनही कधी कधी माहिती परत मिळते. कल्पना चावला ज्यात होत्या, त्या कोलंबिया अंतराळयानाचे १ फेब्रुवारी २००३ रोजी तुकडे झाले. अवशेषांत सापडलेल्या, जळून वितळलेल्या ४०० एमबीच्या डिस्कमधून तज्ज्ञांनी सुमारे ९९ टक्के माहिती मिळवली. त्या डिस्कवर झेनॉन वायूवरच्या एका प्रयोगाची माहिती होती; त्याचे निष्कर्ष २००८मध्ये छापून आले. हे जमले, कारण डॉस प्रणालीने माहिती विखरून लिहिली नव्हती आणि तबकडीचा खराब झालेला भाग नेमका कोरा होता.