बीकनच्या बॅटरीवरील तारीख

शिरपामाळ म्हटले की इतिहासाच्या विद्यार्थ्याला १६६४ ची सुरतेची स्वारी आणि शिवाजी महाराजांचा येथील मुक्काम आठवतो. त्याच माळावर उभे राहून आज आपली मुले आकाशातून जाणारी विमाने पाहतात आणि विचारतात, एखादे विमान डोंगरात कोसळले तर ते सापडते कसे?

प्रश्न साधा नाही. ७ जुलै १९६२ रोजी, मध्यरात्रीनंतर, मुंबईकडे उतरू पाहणारे अलितालियाचे विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले. ९४ जण गेले. कोणीच वाचले नाही. पावसाळ्यातील सह्याद्री, काळोख आणि ढग यांत भग्नावशेष शोधणे म्हणजे काय, हे जव्हार-मोखाड्याच्या माणसाला वेगळे सांगायला नको. विमानातून आपोआप हाक देणारे यंत्र तेव्हा सक्तीचे नव्हते.

या यंत्राला आपत्कालीन बीकन म्हणतात. खाजगी मालकीच्या लहान विमानात ते बहुधा शेपटीकडे बसवलेले असते, कारण अपघातात तो भाग वाचण्याची शक्यता अधिक. जोराचा धक्का बसताच आतील खटका पडतो आणि ४०६ मेगाहर्ट्झवर सुमारे दर ५० सेकंदांनी अर्ध्या सेकंदाचा संदेश उपग्रहाकडे जातो. सप्टेंबर १९८२ मध्ये कॅनडात कोसळलेल्या लहान विमानातील तिघे उपग्रहाने टिपलेल्या अशा संकेतामुळेच वाचले. त्या वेळी १२१.५ ही जुनी लहर होती. उपग्रहांनी ती ऐकणे १ फेब्रुवारी २००९ पासून बंद केले. जवळ आलेल्या शोधपथकाला दिशा दाखवण्यासाठी मात्र ती अजून उपयोगी पडते.

आता बॅटरीकडे वळू. ही बॅटरी रोज वापरली जात नाही, म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होते. पण न वापरताही तिच्यातील रसायने हळूहळू क्षीण होत जातात, आणि गरज पडली की तिला थंडीतही किमान २४ तास यंत्र चालवायचे असते. अमेरिकेतील नियम यासाठी कडक आहे: एकूण एक तासाहून अधिक वापर झाला, किंवा उपयुक्त आयुष्याचे निम्मे संपले, की बॅटरी बदलायची. दहा वर्षांची बॅटरी पाचव्या वर्षीच निघते. मालकाला हा खर्च उधळपट्टी वाटतो. मला तो नियम शहाणपणाचा वाटतो. उरलेले निम्मे आयुष्य वाया जात नाही, ते संकटातल्या माणसासाठी राखून ठेवलेले असते.

बदलण्याची पुढील तारीख यंत्राच्या बाहेरच्या बाजूस आणि विमानाच्या देखभाल-नोंदवहीत लिहावी लागते. निर्मात्याने सांगितलेलाच संच बसवायचा. बाजारातील स्वस्त सेल चालत नाहीत. झाकणाचे रबर नीट बसले नाही तर ओलावा शिरतो आणि नवी बॅटरीही निरुपयोगी ठरते. बदलानंतर चाचणी घ्यायची, पण निर्मात्याने सांगितलेल्या पद्धतीनेच, अन्यथा खोटा संकेत जाऊन शोधपथक धावत सुटते.

भारतात बीकनची नोंदणी बंगळूरु येथे इस्रोच्या केंद्रात होते. संदेशात यंत्राचा क्रमांक असतो. नोंद असली तरच तो क्रमांक कोणत्या विमानाचा आणि मालकाला कोठे विचारायचे, हे केंद्राला कळते. विमान विकले आणि नोंद जुन्याच मालकाच्या नावे राहिली, तर फोन चुकीच्या घरी वाजतो.

बदललेली बॅटरी कचऱ्यात टाकू नये, कारण लिथियमला आग लागण्याचा धोका असतो. बीकनच मोडीत काढायचा असेल तर आधी त्यातील बॅटरी काढायची आणि नोंद रद्द करायची. ऑस्ट्रेलियात कचरा-डेपोवर फेकलेले बीकन चालू होऊन बचाव यंत्रणेला ढिगारे उपसावे लागले आहेत.