गोणीवरचा आकडा आणि साखरेचे सूत्र



युरियाच्या गोणीवर ‘नत्र ४६ टक्के’ असे छापलेले असते. आपण ते वाचतो, गोणी गाडीत टाकतो आणि शेतावर नेतो. हे ४६ आले कुठून, असे मात्र सहसा कोणी विचारत नाही. ते समजून घेतले तर खताच्या हिशेबात हेक्टरी पाच-पंचवीस किलोंची चूक टळते. म्हणून हा लेख.

शेकडेवारी आपल्याला नवी नाही. साखर उतारा ११ टक्के म्हटले की शंभर किलो उसातून ११ किलो साखर निघाली, हे लहान पोरही सांगेल. रसायनातली शेकडेवारी हीच. शंभर किलो पदार्थात अमुक मूलद्रव्य किती किलो, एवढाच प्रश्न.

त्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, पदार्थाचे सूत्र, म्हणजे त्याच्या एका रेणूत कोणते अणू किती आहेत ते. दुसरी, त्या अणूंचे वजन. हायड्रोजनचा अणू सर्वांत हलका. त्याचे वजन १ धरले, तर कार्बनचे १२, नत्राचे १४ आणि ऑक्सिजनचे १६ भरते. यालाच अणुभार म्हणतात.

आता युरिया घ्या. त्याच्या एका रेणूत कार्बनचा १ अणू, ऑक्सिजनचा १, नत्राचे २ आणि हायड्रोजनचे ४ अणू असतात. वजने मांडू:

कार्बन १ × १२ = १२
ऑक्सिजन १ × १६ = १६
नत्र २ × १४ = २८
हायड्रोजन ४ × १ = ४
एकूण = ६०

साठात अठ्ठावीस नत्र. म्हणजे शंभरात ४६.६७. बाजारातला युरिया अगदी शंभर टक्के शुद्ध नसतो, थोडा ओलावा व इतर अंश असतो, म्हणून गोणीवर ४६ छापतात. हेच गणित अमोनियम सल्फेटचे केले, तर रेणुभार १३२ आणि त्यात नत्र २८, म्हणजे जेमतेम २१ टक्के येते. युरियाच्या निम्म्याहूनही कमी! पण त्यात ३२ भाग गंधकही आहे, म्हणजे सुमारे २४ टक्के. ज्याच्या जमिनीला गंधक हवे, त्याने हा फायदाही हिशेबात धरावा. तेव्हा खत घेताना ‘गोणी केवढ्याला’ असे विचारू नका, ‘नत्राचा किलो केवढ्याला पडला’ ते काढा.

आता हे शेतात नेऊन पाहू. सुरू उसाला हेक्टरी नत्र २५०, स्फुरद ११५ आणि पालाश ११५ किलो, अशी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. माती परीक्षणाप्रमाणे त्यात कमी-जास्त होईल. २५० किलो नत्र नुसत्या युरियातून द्यायचे तर २५० ला ४६ ने भागून शंभराने गुणायचे. उत्तर येते सुमारे ५४३ किलो. पूर्वी गोणी ५० किलोची होती, तेव्हा ११ गोण्यांत काम भागे. २०१८ सालापासून गोणी ४५ किलोची झाली. पण जुन्या सवयीने कोणी आजही अकराच गोण्या टाकल्या, तर नत्र पडते २२८ किलो. हेक्टरी २२ किलोंची तूट! गोण्या मोजल्या, नत्र मोजले नाही.

उलटी चूकही होते. स्फुरदासाठी बरेच सभासद डीएपी टाकतात. त्यावर १८ : ४६ असा आकडा असतो. म्हणजे ५० किलोच्या गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. पाच गोण्या टाकल्या की ११५ किलो स्फुरद पुरे होते. पण त्याबरोबर ४५ किलो नत्रही शेतात गेलेले असते. मग युरियातून २०५ किलोच द्यायचे राहते, त्याला ४५ किलोच्या १० गोण्या पुरतात. हे न धरता वर आणखी १२ गोण्या युरिया दिला, तर जादा नत्राने ऊस माजतो, लोळतो, पक्व व्हायला उशीर लागतो आणि साखर कमी भरते. पैसाही गेला आणि उताराही गेला.

इथे एक खुलासा. गोणीवरचे स्फुरद हे शुद्ध फॉस्फरस नसते. फॉस्फरसचे २ अणू (२ × ३१ = ६२) आणि ऑक्सिजनचे ५ (५ × १६ = ८०), मिळून १४२ वजनाचे ऑक्साइड धरून तो आकडा काढतात. त्यात खरा फॉस्फरस ४४ टक्क्यांच्या आतच. पालाशाचीही रीत अशीच. मात्र विद्यापीठाची शिफारसही याच मापात असते. तेव्हा घाबरू नका, काही वजा करू नका. माप दोन्हीकडे एकच आहे.

आतापर्यंत सूत्रावरून टक्के काढले. याच्या उलटही जाता येते, म्हणजे टक्क्यांवरून सूत्र. त्याला उदाहरण साखरेचेच घेऊ. मालेगाव तालुक्याला साखर जुनी आहे. वालचंद हिराचंद यांनी रावळगाव शुगर फार्म ही कंपनी १९३३ साली काढली, तेव्हापासूनची.

शुद्ध साखर तोलून पूर्ण जाळली, तर तिच्यातल्या कार्बनचा कर्बवायू होतो आणि हायड्रोजनचे पाणी होते. ती दोन्ही तोलून टक्के काढता येतात. साखरेत कार्बन ४२.१, हायड्रोजन ६.४३ आणि उरलेला ५१.४६ ऑक्सिजन. आता प्रत्येक आकड्याला त्या-त्या अणुभाराने भागा: ३.५१, ६.४३, ३.२२. यातला सर्वांत लहान ३.२२. त्याने तिघांना भागले की १.०९, २ आणि १ येतात. अणू कधी अपुरा नसतो, म्हणून पूर्ण आकडे मिळेपर्यंत गुणायचे. ११ ने गुणले की जमते: कार्बन १२, हायड्रोजन २२, ऑक्सिजन ११. हेच साखरेचे सूत्र. रेणुभार ३४२.

ग्लुकोजचे असे गणित केले तर प्रमाण १ : २ : १ येते. त्याचे वजन फक्त ३०. पण ग्लुकोजचा रेणुभार १८० आहे. म्हणून सहा पट करायचे: कार्बन ६, हायड्रोजन १२, ऑक्सिजन ६. म्हणजे टक्क्यांवरून प्रमाण कळते, पण पूर्ण सूत्रासाठी रेणुभार ठाऊक असावा लागतो.

या सूत्रांतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी की साखरेत नत्राचा एकही अणू नाही. नत्र उसाची वाढ करते, साखर होते ती हवा, पाणी आणि उन्हातून. म्हणून नत्र वाढवले की साखर वाढते, ही समजूत सोडावी.

दुसरी गोष्ट तोडलेल्या उसाची. ऊस तोडून उन्हात पडला की साखरेचा एक रेणू (३४२) पाण्याचा एक रेणू (१८) घेतो आणि फुटतो. त्याचे होतात ग्लुकोज १८० आणि फ्रुक्टोज १८०. बेरीज करून पाहा, दोन्हीकडे ३६०. शंभर किलो साखर फुटली तर तिचे १०५ किलो होते. वजनाने वाढले खरे, पण त्याचे दाणे पडत नाहीत. ते मोलॅसिसमध्ये जाते आणि उतारा घसरतो. शिळ्या उसाचा गूळ नीट बसत नाही, हे गुऱ्हाळवाल्याला सूत्र न शिकताही ठाऊक असते.

उतारा घसरला की त्याचा फटका अखेर आपल्याच दराला बसतो. म्हणून सभासदांनी खत किलोच्या हिशेबाने द्यावे, आणि तोडलेला ऊस शेतात पडू न देता शक्य तितक्या लवकर गव्हाणीत पोचवावा, ही विनंती. घरातल्या शाळकरी मुलाला पुढच्या गोणीवरचा आकडा दाखवून हे गणित करायला सांगा. त्याचा अभ्यास होईल आणि आपला हिशेबही तपासून होईल.