सिकलसेल : तपासणी झाली, आता समजावणार कोण?

बोटाला सुई टोचून काढलेला रक्ताचा थेंब परीक्षानळीतल्या द्रावणात मिसळतात. काही मिनिटे थांबून नळीमागे काळ्या रेषा मारलेला कागद धरतात. रेषा स्वच्छ दिसल्या, तर रक्तात सिकल हिमोग्लोबिन नाही. द्रावण गढूळ होऊन रेषा दिसेनाशा झाल्या, तर आहे. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या आश्रमशाळांना आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांना ही सोल्युबिलिटी चाचणी आता परिचयाची आहे.

पण तिचे उत्तर अर्धेच असते. मूल नुसते वाहक आहे की खरोखर आजारी, हे गढूळ द्रावणावरून ठरत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी लागते. तिचा निकाल येईपर्यंत, आणि कित्येकदा आल्यानंतरही, घरच्यांच्या कानावर एवढेच पडलेले असते की पोर ‘पॉझिटिव्ह’ निघाले. धास्ती तिथूनच घर करते.

म्हणून मूळ गोष्ट नीट समजून घेऊ. हिमोग्लोबिन तयार करणाऱ्या जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. एकच प्रत सदोष असेल तर ती व्यक्ती वाहक. ती सहसा इतरांसारखेच निरोगी आयुष्य जगते, शेती करते, बाळंत होते; तिला रोजच्या औषधाची गरज नसते. दोन्ही प्रती सदोष असतील तर मात्र आजार. प्राणवायू कमी पडला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्याच्या आकाराची पेशी १० ते २० दिवसांतच मोडते. अंगात रक्त टिकत नाही, ते यामुळे.

हा दोष मध्य भारतात रुजला, त्याला कारण मलेरिया. वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. जिथे पिढ्यानपिढ्या हिवतापाने माणसे नेली, तिथे हे जनुक टिकून राहिले. इथे कुणाचे पाप नाही, कुणाची करणी नाही. हा दोष नवाही नाही; शुक्ला आणि सोळंकी या संशोधकांनी १९५८ मध्येच मध्य भारतातल्या सिकलसेल वाहकांविषयी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले होते. हा केवळ आदिवासींचा आजार आहे, असेही नाही. विदर्भात अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय कुटुंबांतही तो आढळतो. देशाच्या हिशेबात दुर्मिळ वाटणारे हे दुखणे इथल्या गावांना मुळीच दुर्मिळ नाही.

सरकारी यंत्रणा हललेली आहे, हे मान्य केले पाहिजे. ११ डिसेंबर २०२२ रोजी चंद्रपुरातील हिमोग्लोबिनच्या आजारांवरील संशोधन, उपचार आणि नियंत्रणाच्या केंद्राचे लोकार्पण झाले. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे त्याचे उद्दिष्ट. आकडा मोठा आहे. पण थेंबभर रक्त घेणे म्हणजे माहिती देणे नव्हे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८० च्या दशकात गडचिरोलीत कामाला सुरुवात केली, तेव्हा सिकलसेलचा अभ्यास केला होता. लोकांना त्यात फारसे स्वारस्य नव्हते, असे डॉ. अभय बंग यांनीच पुढे सांगितले आहे. लोकांच्या मनात जो प्रश्न उगवलेलाच नाही, त्याचे उत्तर त्यांच्या हाती ठेवून भागत नाही.

आजारी मुलाच्या आईला तर तपासणीच्या निकालाच्या कार्डापेक्षा खूप काही हवे असते. जन्मल्यावर पहिले काही महिने बाळ ठणठणीत दिसते, कारण गर्भातले हिमोग्लोबिन त्याला सांभाळत असते. सहा महिन्यांच्या सुमारास ते ओसरते आणि हातापायांची बोटे सुजू लागतात. ही सूज म्हणजे पहिली खूण असू शकते, हे तिला माहीत हवे. डाव्या बरगडीखाली बोटांनी हलकेच चाचपून पाणथरी वाढली आहे का, हे कसे पाहायचे ते तिला हात धरून शिकवायला हवे. पाणथरी अचानक फुगली, पोर पांढरेफटक पडले, ताप चढला, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. भरपूर पाणी पाजायचे, थंडीत ऊब द्यायची, लसी चुकवायच्या नाहीत.

आणि औषध आहे, हेही ठासून सांगायला हवे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी मुलांना रोज वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅम, म्हणजे कमी मात्रेत, हायड्रॉक्सीयुरिया देऊन पाहिले. वेदनेचे झटके आणि रक्त चढवण्याची वेळ, दोन्ही कमी झाले. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त तपासत घ्यायचे असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे; एसटीत रुग्णांना प्रवासाची सवलत आहे. हे हक्क कुटुंबाला विचारायला लागण्याआधीच सांगितले गेले पाहिजेत.

सर्वांत नाजूक गोष्ट सोयरिकीची. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक मूल होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी मुलाची २५ टक्के. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची निर्धोक, असा हिशेब नसतो. आणि वाहक व्यक्तीने दोन्ही प्रती निर्दोष असलेल्या जोडीदाराशी लग्न केले, तर त्यांच्या मुलांना हा आजार होत नाही. म्हणजे वाहक मुलीचे लग्न मोडण्याचे काहीच कारण नाही. फक्त दोन्हीकडची तपासणी आधी व्हायला हवी. प्रत्यक्षात मात्र बोल लागतो तो मुलीला, नंतर आईला. वाहक मुलाचा निकाल ट्रंकेत पडून राहतो, मुलीचा गावभर होतो. आजारी मुलात एक सदोष प्रत बापाचीही असते, हे समजावताना बापाला समोर बसवलेच पाहिजे.

त्यामुळे समुपदेशन एकदाच करून चालणार नाही. बाळाच्या वेळी, आश्रमशाळेत मूल मोठे होताना आणि लग्न ठरण्याआधी, असे तीनदा तरी ते व्हावे. माडिया, गोंडी किंवा तेलुगू, घरात जी भाषा बोलली जाते त्या भाषेत व्हावे. निकाल खासगी राहिला पाहिजे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीचा पूर गडचिरोलीतल्या भामरागडची वाट अडवतो, तेव्हा हे काम गावातच राहणाऱ्या आशाताईलाच करावे लागते. तिला त्यासाठी नीट प्रशिक्षण, मानधन आणि वेळ मिळाला पाहिजे. अभियानाचे यश मोजायचे तर किती रक्त तपासले याबरोबर एक प्रश्न घरोघरी विचारावा : तुमच्या मुलाच्या निकालाचा अर्थ तुम्हाला कुणी समजावून सांगितला का? त्याचे उत्तर ‘हो’ येईपर्यंत तपासणी पूर्ण झाली, असे कुणीही म्हणू नये.