घास अडकतो तेव्हा : अन्ननलिकेचा ‘ॲकॅलेशिया’

भाकरीचा घास छातीत अडकतो, पाणीही खाली उतरत नाही, रात्री आडवे होताच खाल्लेले तोंडात येते, अशा तक्रारी घेऊन आमच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या काहींनी त्याआधी अनेक महिने केवळ आम्लपित्तावरची औषधे घेतलेली असतात. दरम्यान वजन घटते, पंगतीत बसण्याचा संकोच वाटू लागतो. म्हणून या आजाराची माहिती देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

घास गिळताच अन्ननलिकेच्या स्नायूंची लाट त्याला खाली ढकलते व जठराच्या तोंडाशी असलेली स्नायूंची झडप सैल होते. ॲकॅलेशियात अन्ननलिकेच्या भिंतीतील चेतापेशी नष्ट होत जातात. लाट नीट उमटत नाही, झडप पुरेशी उघडत नाही. अन्न वरच साचते आणि अन्ननलिका हळूहळू फुगते. दरवर्षी साधारण १ लाख लोकांमागे एखाद्यालाच हा आजार होत असल्याने तो चटकन ध्यानात येत नाही.

निदानासाठी प्रथम दुर्बिणीने तपासणी करतो, कारण कर्करोगामुळेही अशीच लक्षणे दिसू शकतात. बेरियम पाजून काढलेल्या क्ष-किरण चित्रात अन्ननलिकेचे टोक पक्ष्याच्या चोचीसारखे निमुळते दिसते. खात्रीचे निदान मात्र मॅनोमेट्रीने, म्हणजे नाकावाटे बारीक नळी घालून आतील दाब मोजल्यावरच होते.

१६७४ साली इंग्लंडमधील थॉमस विलिस यांनी देवमाशाच्या हाडाला स्पंज बांधून एका रुग्णाचा अन्नमार्ग मोकळा केल्याची नोंद आहे. आज फुग्याने झडप ताणता येते. १९१३ साली जर्मनीत हेलर यांनी सुरू केलेली, झडपेचे स्नायू छेदण्याची शस्त्रक्रिया आता पोटावर लहान छिद्रे पाडून होते. २००८ साली जपानमध्ये इनोऊए यांनी हाच छेद तोंडावाटे, दुर्बिणीतून घेतला. ती पद्धत ‘पोएम’ या नावाने ओळखली जाते.

कोणताही उपचार नष्ट झालेल्या चेतापेशी परत आणत नाही, हे आम्ही नातेवाइकांना स्पष्ट सांगतो. मात्र अन्नाची वाट मोकळी होते व बहुतेक रुग्ण पुन्हा पोटभर जेवू लागतात. फुग्याने क्वचित अन्ननलिका फाटण्याचा धोका असतो, तर छेदानंतर काहींना जळजळीचा त्रास होतो. त्यामुळे नियमित फेरतपासणी आवश्यक ठरते.

गरजू रुग्णांच्या या तपासण्या देणगीदारांच्या साहाय्यामुळेच शक्य होतात, याची आम्हांस कृतज्ञ जाणीव आहे. कुटुंबीयांना एवढीच विनंती, की घास वारंवार अडकत असेल तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णास तपासणीसाठी घेऊन यावे.